जानोशातला बर्फ

चैत्र लागला की आमच्या घरात दादाचं राज्य सुरू व्हायचं. एरवी घरात शब्द बाबांचा चाले, पण उन्हाळ्यात बाबासुद्धा दादाचं ऐकत. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सातवी पास होऊन शेतीत उतरलेला, बोलायला कमी, आणि उन्हाच्या बाबतीत अगदी हट्टी. तो लहान असताना त्याच्या डोळ्यांदेखत आमचा एक बैल वखर ओढता ओढता उन्हानं बसला होता आणि पुन्हा उठलाच नव्हता. तेव्हापासून पोरानं ऊन मनावर घेतलं, असं माय सांगायची.

रांजणाला बारदान गुंडाळून ते दिवसभर ओलं ठेवायचं काम त्याचं. रांजणात वाळ्याची जुडी टाकायची तीही त्यानंच. दुपारी दारं लावून घ्यायची, खिडकीला भिजवलेलं पोतं टांगायचं, रोज सकाळी ज्वारीच्या पिठाची आंबील झालीच पाहिजे. बाहेर निघणाऱ्याला आधी पोटभर पाणी पाजायचा, मग दुपट्टा भिजवून डोक्याला बांधून द्यायचा, खिशात कांदा कोंबायचा, आणि मगच उंबरा ओलांडू द्यायचा. सालदाराला, म्हणजे आमच्याकडे वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या गड्याला, ऊन चढायच्या आत शेतातून परत बोलवायचा. गावातले लोक हसत. तरण्याताठ्या माणसाला सूर्याचं भेव वाटते म्हणत. दादा आपला दुपट्टे भिजवत राहायचा.

आमचं गाव अमडापूरच्या अलीकडे, चिखलीच्या रस्त्यापासून जरा आत. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझी सोयरीक जमली ती चिखलीच्याही बऱ्याच पलीकडच्या एका घरात. घर मोठं, जमीन भरपूर. नवरदेवाचे वडील गेलेले होते आणि सगळा कारभार त्याच्या मामांच्या हातात होता. मुलगी पाहायला मामा आले, पसंत केली मामांनी, तारीखही मामांनीच ठरवली. ती नेमकी भर वैशाखातली. दादानं एकदाच बोलून पाहिलं की फाल्गुनात उरकू, नाहीतर लोकांना उन्हाचा त्रास होईल. मामा म्हणाले की त्यांच्याकडची लग्नं वैशाखातच होतात आणि त्यांच्याकडच्या माणसांना ऊन लागत नाही. बाबांनी दादाला डोळ्यानंच गप्प केलं.

मग दादा कामाला लागला. वऱ्हाड उतरायच्या जागेला आमच्याकडे जानोसा म्हणतात. जानोसा गावच्या शाळेत द्यायचा ठरलं, कारण सुट्टी होती आणि एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा गावात नव्हती. पण शाळेवर टिनाचे पत्रे. दादानं आणि सालदारानं मिळून त्या पत्र्यांवर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा थर दिला, त्यावर कडुलिंबाच्या फांद्या टाकल्या, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत घागरींनी पाणी वर चढवून ते सगळं भिजवलं. खाली नवे रांजण रोवले. कैऱ्या उकडून पन्ह्याची तयारी केली. शाळेच्या खोलीत गारवा आला की नाही हे पाहायला तो मला घेऊन गेला होता. मी आत उभी राहिले आणि म्हटलं, आपल्या घरापेक्षा इथंच बरं वाटते. तो खूश झाला.

वऱ्हाड ट्रकनं आलं. उन्हाच्या आत पोचायचं म्हणून ते पहाटेच निघाले असतील, पण पोचेपर्यंत ऊन तापायला लागलं होतं आणि सगळे वैतागलेले होते. मी तेव्हा घरात हळदीच्या अंगानं बसले होते. पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. काही सालदारानं सांगितलं, काही बाबांनी, आणि काही माझ्या नवऱ्यानं, पुष्कळ वर्षांनी. जे ऐकलं ते एकमेकांशी जुळतं, म्हणून लिहिते.

मामांनी हातपाय धुतले. दादानं रांजणातलं पाणी तांब्यात भरून त्यांच्यापुढे धरलं. मामांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि दादाच्या पायाशी थुंकला. हे पाणी हाये का काढा, असं त्यांनी विचारलं. मग बर्फ कुठे आहे म्हणून विचारलं.

बर्फाचं कोणीच बोललेलं नव्हतं. आमच्या गावात तोपर्यंत कोणत्याही लग्नात बर्फ आला नव्हता. बर्फ चिखलीला मिळायचा. सोडावॉटरच्या एका दुकानात खामगावहून लाद्या यायच्या, लाकडाच्या भुशात पुरून ठेवलेल्या. बाबांनी हात जोडले, चूक झाली म्हणाले, माणूस पाठवतो म्हणाले. सालदारानं लगेच सायकल काढली. तो धिप्पाड माणूस, वरचेवर चिखलीला जाणारा. पण मामांनी त्याला थांबवलं.

"तू कोण बे?"

"सालदार आहो, मालक."

"सालदाराच्या हातचा बर्फ खाईन काय आमचं वऱ्हाड? नवरीच्या भावाले पाठवा. मान आमचा हाये."

दादा तिथंच उभा होता. तो नम्रपणानंच बोलला. लग्न गोरजाचं आहे, बर्फ तोवर येईल, दुपारची एसटी धरून जातो आणि दिवस कलता कलता परत येतो, असं त्यानं सांगितलं. तोपर्यंत पन्हं तयार आहे, खोलीतही गारवा आहे. मामा म्हणाले की ऊन उतरल्यावर बर्फ काय चाटायला पाहिजे? आणि मग शांतपणे खाटेवर आडवे होऊन त्यांनी सांगितलं, बर्फ येईपर्यंत नवरदेव जानोशातून हलणार नाही, मारुतीच्या देवळात जाणार नाही, मुहूर्त टळला तर टळला.

बाबांनी दादाकडे पाहिलं.  बोलायची गरज नव्हती.

दादा घरी दुपट्टा घ्यायला आला. मी मागच्या खोलीत होते. त्यानं एक तांब्या पाणी उभ्या उभ्या संपवलं, मग दुसरा घेतला. मी विचारलं, कुठी चालला? म्हणाला, चिखलीले जाऊन येतो. मला खरंच वाटेना. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्यानं तर मला कालपासून ओसरीवर यायलासुद्धा मनाई केली होती.

"काऊन जातं? दुसरं कोणी नाही काय?"

"तू हे डोक्यात घेऊ नोको," तो म्हणाला. "कानपिळीच्या वक्तापर्यंत येतो. नवरदेवाचा कान असा पिरगाळतो की जलमभर तुहं आयकीन."

लग्न लागताना नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. त्यासाठी त्यानं नवा सदरा शिवून घेतला होता. तो त्यानं खुंटीवरच राहू दिला, घामानं खराब होईल म्हणून. जुन्याच सदऱ्यावर गेला. दुपट्टा भिजवला, कांदा खिशात टाकला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि सायकल घेऊन निघाला. धडधाकट दादाला मी पाहिलं ते शेवटचं.

चिखलीला तो व्यवस्थित पोचला, असं दुकानदारानं पुढे सालदाराला सांगितलं. दुकानदारानं त्याला लादी काढून दिली, भुसा लावून पोत्यात बांधून दिली, आणि जरा बसून जा म्हणाला. दादा बसला नाही. बर्फ वितळला तर पुन्हा यावं लागेल म्हणाला.

परतीच्या वाटेवर समोरून वारं होतं. आमच्याकडचं वैशाखातलं वारं म्हणजे चुलीचं दार उघडल्यासारखं असतं. रस्ता मुरमाचा, झाडं तुरळक. बर्फ गळायला लागला. सायकलमागं पाण्याचे थेंब पडत गेले आणि पडल्या पडल्या सुकत गेले. अर्ध्या वाटेवर एका बौद्ध कुटुंबाची झोपडी होती. नवरा-बायको दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जात आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या लिंबाखाली दुपार काढत. त्या बाईनं दादाला पाहिलं. तो सायकलवरून उतरला, डोक्याचा दुपट्टा सोडला आणि तो पोत्यावर गुंडाळून बांधायला लागला. डोकं उघडं, तोंड लालबुंद. बाई तांब्या घेऊन रस्त्यापर्यंत आली आणि म्हणाली, भाऊ, पाणी पेऊन घ्या, सावलीत बसा घडीभर.

दादानं त्या तांब्याकडे बराच वेळ पाहिलं. हात पुढे केला नाही. बाईला कळलं. ती म्हणाली, "मंग त्या बर्फाचा खडा तरी तोंडात टाका."

"मानाचा हाये," दादा म्हणाला आणि सायकलवर बसला. त्याची सायकल सरळ जात नव्हती, असं तिनं सांगितलं.

तिनं हे आम्हाला दिवाळीत सांगितलं. मी माहेरी आले होते. दादाचं कानावर पडलं म्हणून विचारपूस करायला ती स्वतःहून आमच्या घरी आली होती, तेवढं अंतर चालत. मायनं तिला अंगणातच बसवलं, ओसरीवर बोलावलं नाही. तिनं सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं. जाताना तिला पाणी हवं का एवढंसुद्धा आमच्या घरात कोणी विचारलं नाही.

तर दादा आला तो घरी न येता थेट जानोशात गेला. दिवस थोडा कलला होता. त्यानं पोतं कॅरियरवरून सोडलं आणि मामांच्या खाटेपुढे ठेवलं. निम्मी लादी तरी उरली होती. वऱ्हाडाची झुंबड उडाली. कोणीतरी दगडानं बर्फ फोडला, घंगाळात पन्हं ओतून त्यात खडे टाकले. पोरांनी खडे उचलून एकमेकांच्या सदऱ्यात घातले. मामांनी एक मोठा तुकडा फडक्यात बांधून घेतला आणि तळपायांवर फिरवत बसले. शाळेत गारवा होता. वर भिजलेला लिंब होता, रांजण भरलेले होते. पण बर्फ आला म्हटल्यावर तो वाया कोण घालवणार.

दादा भिंतीला टेकून बसला होता. त्याच्याकडे लक्ष होतं फक्त सालदाराचं. सालदार म्हणाला की एवढी सायकल मारून आलेल्या माणसाच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. कातडी कोरडी, डोळे तांबडे. त्यानं पाणी आणून तोंडाला लावलं तर दादानं तांब्या ढकलून दिला आणि बैल सोडले का, असं विचारलं. कोणते बैल म्हणून सालदारानं विचारलं. तेच, वखराचे, दादा म्हणाला, आणि उठून चालायला लागला. दोन्ही पाय दोन दिशेनं पडत होते. तो मामांच्या खाटेवर जाऊन आपटला आणि घंगाळ कलंडलं.

मामा उठून बसले. "पिऊन आला हा," ते म्हणाले. "चिखलीले बर्फ आणाले पाठवला का दारू पेवाले?"

वऱ्हाड हसलं. दादा काहीबाही बोलत होता, जीभ जड झाली होती, आणि जसजसा तो बोले तसतसं हसू वाढत गेलं. कोणीतरी त्याच्या बोलण्याची नक्कल केली. सालदार सांगत होता की मालक, ह्यानं आजवर थेंब घेतला नाही, ह्याले ऊन लागलं. त्याला कोणी विचारलं नाही. मामांनी बाबांना बोलावणं पाठवलं. बाबा मांडवातून धावत आले. मामांनी त्यांना सांगितलं की तुमच्या पोरानं दारू पिऊन पाहुण्यांचं अन्न लाथाडलं, आता ह्या घराशी सोयरीक करायची का नाही हे आम्हाला बघावं लागेल.

घरात मुलगी हळद लावून बसलेली. मांडवात गाव जेवायचं होतं. बाबांनी दादाला दंडाला धरून उभं केलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या तोंडात मारली.

दादा पडला. उठला नाही. त्याचे हातपाय झाडायला लागले आणि तोंडातून फेस आला. बाबा मात्र आपल्या तळहाताकडे पाहत उभे राहिले. त्यांनी मला फार नंतर, एकदाच सांगितलं, की दादाच्या गालाचा त्यांच्या हाताला चटका बसला. तव्यासारखा गाल होता. तेव्हा त्यांना कळलं.

मग बाबांनी मामांचे पाय धरले. बर्फ द्या म्हणाले. फडक्यातला तेवढा तुकडा द्या, त्याच्या डोक्यावर ठेवतो. मामा म्हणाले, बर्फ वऱ्हाडाचा हाये, दारुड्यासाठी नाही. माझ्या नवऱ्यानं सांगितलं की मामांच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. एखाद्याला वाढपात दुसऱ्यांदा लाडू नाकारावा तसं त्यांनी सांगितलं आणि फडकं दुसऱ्या पायावर घेतलं. घंगाळातले खडे सांडून मातीत गेले होते. सालदारानं ते मातीसकट वेचले, दादाच्या छातीवर ठेवले, पण ते लगेच विरघळले. मग त्यानं दादाला खांद्यावर टाकून विहिरीपाशी नेलं आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. माय तिथं पोचली. तिनं भाजलेल्या कैरीचा गर त्याच्या अंगाला चोळला, कांदा किसून तळपायाला लावला. उन्हासाठी जे जे करायचं असतं ते तिनं सगळं केलं. तिला ते दादानंच शिकवलेलं होतं.

दवाखाना चिखलीला. दारात वऱ्हाडाचा ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर रिकामा होता. बाबांनी ट्रक मागितला. मामा म्हणाले, ट्रक नवरीला न्यायला आणला आहे, त्यात झिंगलेलं माणूस ओकलं तर नवरी कशात बसवायची? शेवटी बैलगाडी जुंपली. गाडीत पाला अंथरून, वर ओली धोतरं टाकून सालदार आणि माय दादाला घेऊन गेले. मायला मुलीचं लग्न पाहता आलं नाही.

मला सांगितलं की दादा दमून झोपला आहे. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण इतक्या उन्हात जाऊन आलेला माणूस झोपणारच. माय कुठे म्हणून विचारलं तर स्वयंपाकाकडे आहे म्हणाले. मंगलाष्टकं झाली. कानपिळीला एक चुलतभाऊ पुढे आला. त्यानं दादाचा नवा सदरा घातला होता. ऐनवेळी दुसरा चांगला सदरा सापडला नाही म्हणून कोणीतरी खुंटीवरचा काढून त्याला दिला होता. तो सदरा मी ओळखला. मी बाबांकडे पाहिलं. बाबा खाली बघत होते.

खरं काय ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमध्ये बसायच्या आधी कळलं. सालदार चिखलीहून परत आला होता. त्यानं सांगितलं की जीव आहे, पण ओळख नाही. मी म्हटलं, मला चिखलीवरून न्या, दवाखान्यात एकदा पाहते, वाटेतच आहे. माझ्या नवऱ्यानं मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, नव्या नवरीनं दवाखान्याची पायरी चढू नये, अपशकुन होतो. ट्रक चिखलीवरून गेला. दवाखान्यापुढून गेला. माय बाहेर कट्ट्यावर बसलेली मला दिसली. तिनं ट्रककडे पाहिलं, पण मला ओळखता येईल असं काही माझं बाहेर नव्हतं. पदर खाली ओढलेला होता.

दादा वाचला. डॉक्टर भले होते. त्यांनी बाबांना समजावून सांगितलं की उष्णतेनं मेंदूला इजा झाली आहे, बोलणं आणि चालणं आता असंच राहील. "लगेच थंड करायला हवं होतं," ते म्हणाले. "अंगावर बर्फ ठेवला असता तर एवढं झालं नसतं. पण खेड्यात बर्फ कुठून मिळणार म्हणा."



दादाची सोयरीक पक्की होती, ती मोडली. तो चालायला लागला, पण पाय फाकवून, झोकांड्या खात. हातात पेला दिला की निम्मं पाणी सांडायचं. नवख्या माणसाला तो प्यालेलाच वाटे. एकदा अमडापूरच्या बाजारात एका पोलिसानं त्याला दारुडा समजून दोन काठ्या हाणल्या. दादाला तोंडानं सांगताही आलं नाही. बाबांनी त्या दिवसानंतर दादाच्या अंगाला कधी हात लावला नाही. त्याची आंघोळ सालदार घालायचा. बाबा दारात उभे राहून बघायचे आणि पाणी गरम झालं का, साबण लागला का असं विचारत राहायचे, पण आत यायचे नाहीत.

सासरी ही गोष्ट हसण्याची होती. दर उन्हाळ्यात, कोणी पाहुणा आला की सासूबाई सांगायच्या, आमच्या सुनेचा भाऊ बर्फ आणायला गेला अन् पिऊन आला. मी पहिल्या वर्षी रडले. दुसऱ्या वर्षी म्हटलं की तो प्याला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, तुले कसं माहीत, तू तं घरात होती. नवऱ्याला मी एकदा विचारलं की तुम्ही तिथं होता, तुम्ही काऊन नाही बोलले? 

"मामाले कोण बोलते," तो म्हणाला. मग म्हणाला, "मले तहान लागली होती. मी बी बर्फ खाल्ला." आणि कुशीवर वळला. वाईट माणूस नव्हता तो. मला त्यानं कधी मारलं नाही. एवढ्यावरच मी त्याच्याबरोबर संसार केला.

बाबा गेले, मागोमाग माय गेली, तेव्हा दादाला मी माझ्या घरी आणलं. सासूबाईंनी विरोध केला. मी त्यांना एवढंच सांगितलं की तो येणार नसेल तर मी जाते. तोवर माझी मुलं मोठी होत आली होती आणि घरातलं कोणतंही काम माझ्याशिवाय होत नव्हतं, म्हणून त्या गप्प बसल्या. दादाला ऊन मुळीच सोसत नसे. कोवळ्या उन्हानंसुद्धा त्याला भोवळ यायची. चैत्र ते मृग मी त्याला आतल्या खोलीत ठेवायची, दाराला ओलं पोतं लावायची, दुपारी दोनदा अंग पुसून द्यायची. तो चिडायचा. बाहेर जायला बघायचा. कधी कधी मला त्याला आत घालून कडी लावावी लागे आणि तो आतून दार वाजवत राही. ते ऐकत मी भाकरी थापायची.

अशाच एका वैशाखात मामा आले. खूप म्हातारे झाले होते, काठी टेकत ओसरीवर आले आणि खाटेवर बसले. त्या वेळी दादाला मी जेवायला बाहेर आणलं होतं. तो दोन्ही हातांनी पेला धरून पाणी प्यायचा प्रयत्न करत होता. मामा त्याच्याकडे पाहत राहिले.

"हा कोण?"

"माहा भाऊ."

"जलमापासून असाच हाये काय?"

मी सांगितलं. माझ्या लग्नात तुमच्यासाठी चिखलीहून बर्फ आणायला गेला होता, तेव्हा ऊन लागलं. मी हे अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं. इतकी वर्षं मी त्यांना हे कधी सांगेन याची वाट पाहत होते. मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते खोटं बोलत नव्हते, खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते.

"बर्फ?" ते म्हणाले. "कोणत्या लग्नात बर्फ होता बाप्पा? याद नाही येत. लय लग्नं केली मी." मग म्हणाले, "पाणी थंड हाये का तुमच्याकडे?"

मी रांजणातलं पाणी दिलं. ते प्याले, तोंड पुसलं आणि आडवे झाले.

दादानं पेला खाली ठेवला होता. तो खाटेकडे बघत होता. त्याला काय काय आठवतं हे मला कधीच कळलं नाही, कारण त्याचं बोलणं मलाही निम्मंच समजायचं. पण आता तो भिंतीला धरून उभा राहिला, आणि त्यानं मामांपुढे हात जोडले. हात थरथरत होते, जुळत नव्हते, तरी त्यानं ते जुळवले आणि मान खाली घातली, नवरीकडच्या माणसानं घालायची तशी.

मामांना झोप लागली होती. मी दादाचे हात धरून सोडवले. ते सुटायला वेळ लागला. मग त्याला आत नेलं आणि पोत्यावर पाणी मारलं.